जबाबदारी माझी

नर्सच्या टेबलावरचे संगणकांचे सगळे पडदे एकाच वेळी काळे पडले. डायलिसिसची यंत्रं चालू होती, पण खुर्च्यांवरच्या माणसांचा रक्तदाब दिसेना. सुल्मा नर्स हातातलं सोडून एका खुर्चीकडून दुसरीकडे पळू लागली.

पायसांदू गावातल्या त्या छोट्या दवाखान्याचा सर्व्हर, म्हणजे मुख्य संगणक, दोघांच्याच हातात होता: मिल्टन एचेवेरी आणि यामिला. सर्व्हरवर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली होती, आणि तिच्या प्रोग्रामांचं कोठार सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांत मिल्टनचे केस पांढरे झाले होते. कोठारातला प्रत्येक प्रोग्राम तपासलेला, बाकीच्यांशी जुळवलेला, म्हणून जुना. यामिला पायथॉन या भाषेत प्रोग्राम लिहायची. पायथॉनचं दुकान वेगळं. तिथला माल ताजा, तपासणी गिऱ्हाइकाने करायची. दुकानाचा माल कोठारातल्या मालावर चढवला की कधीकधी अख्खं यंत्र आडवं होतं. आज झालं होतं.

"ज्याने कुणी केलं असेल तो आज घरी जाईल," डॉक्टर बेरुत्ती दारातून म्हणाले. "कायमचा."

मिल्टनने काखेतला थर्मॉस खाली ठेवला.

"यामिला, दुकानात गेली होतीस?"

"नाही मास्तर. तुमचा शिळा मालच गिळतेय वर्षभर."

"मग सर्व्हर काय स्वतःच्या पायांनी गेला?"

इथे चुकून काही होत नाही, हे मिल्टनने डॉक्टरांना समजावलं. दुकानाचा माल वर चढवायला गेलं की यंत्र अडवतं आणि एक अख्खं वाक्य लिहून मागतं. ते वाक्य त्याने स्वतः रचलं होतं, कोठाराच्या सभेत भांडभांडून मंजूर करून घेतलं होतं. शुद्धीवर असलेला माणूस हे लिहिणार नाही, असं तेव्हा तो म्हणाला होता.

"सरावाच्या यंत्रावर लिहून दाखव," तो यामिलाला म्हणाला.

"मी ही यंत्रणा जाणूनबुजून..." यामिला थांबली. "पुढे काय हो?"

तिने पुन्हा प्रयत्न केला. स्वल्पविराम राहिला. यंत्राने नाकारलं.

"पुरे झालं नाटक. डॉक्टर, एक टिंब चुकलं तरी ते घेत नाही. मुद्दामच तसं ठेवलंय. बघा, किती कठीण असतं ते."

त्याने कीबोर्ड ओढला आणि डॉक्टरांकडे बघतच बोटं चालवली. मी ही यंत्रणा जाणूनबुजून मोडत आहे, जबाबदारी माझी. माणूस आपली सही करतो तितकाच वेळ लागला. यंत्राने निमूट घेतलं.

सुल्मा रक्तदाब मोजता मोजता थांबली.

"मास्तर," यामिला हळूच म्हणाली, "तुम्हाला पाठ आहे."

मिल्टनने आपल्या बोटांकडे पाहिलं. सकाळी एक तक्ता निघत नव्हता, म्हणून दुकानातून लहानसं काहीतरी आणलं होतं. लहानसंच. नेहमीसारखं.

डॉक्टर वाकले, थर्मॉस उचलला आणि त्याच्या काखेत दिला.