कणभरही नाही

जुन्या शाळेच्या भिंतींवरचा शिसं असलेला विषारी रंग खरवडून घरी आलेल्या रंगाऱ्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. मुकादमाने बजावलं होतं, "ही धूळ पोरांच्या रक्तात भिनते. कणभरही घरी न्यायची नाही!" त्याने भिंत ओली करूनच खरवडली, मास्क, डगला, बूट तिथेच काढले, तिथल्याच नळावर डोक्यावरून आंघोळ केली. तरी दारातच थबकून नखं निरखत राहिला. "झाली का तपासणी? घ्या लेकीला, सकाळपासून किरकिरतेय," म्हणत बायकोने तान्हीला हातात दिलं. कित्येक दिवसांनी त्याने तिला गालाशी धरलं. किरकिर थांबली. लेक काहीतरी चघळत होती. त्याचा हात स्वतःच्या कानामागे गेला, तिथे काहीच नव्हतं. त्या भिंतींवर खुणा करायची पेन्सिल! आंघोळीनंतर सवयीने परत कानामागे खोचलेली. त्याने हिसकावताच पोरीने भोकाड पसरलं. पेन्सिलीवर चावल्याच्या दोन खुणा बघून बायको हरखली, "अहो, दात आले की हिला!"