गाडीपुढची जागा

"गाडीपुढं जागा सोडायची," लेन्स पुसता पुसता अप्पा म्हणाले. "मागचा डबा कापला गेला तरी चालेल, पण इंजिनापुढं मोकळं हवं. नाहीतर गाडी भिंतीवर आपटल्यासारखी दिसते."

"अप्पा, मला उशीर होतोय."

"निघा साहेब, निघा! तुमच्यावाचून कचेरीचं कुलूप कसं उघडणार?"

लेक हसली आणि डब्याची पिशवी उचलून बाहेर पडली. कचेरीचं कुलूप पावसाळ्यापासून तिच्यावाचून बिनबोभाट उघडत होतं.

इमारतींचे नकाशे काढण्याचं तिचं काम. एका दवाखान्याच्या नकाशात तिनं लिफ्ट दाखवली, पण आत स्ट्रेचर मावेल का हे पाहायचं राहून गेलं. भिंती उभ्या राहिल्यावर ते लक्षात आलं. मोठ्या साहेबांनी आवाजसुद्धा न चढवता तिला घरी बसायला सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला अजून वाटे.

अप्पांना सांगायचं धाडस काही झालं नाही. गल्लीत भेटेल त्याला ते ऐकवायचे, "आमची लेक रेघ मारते, मग गवंडी वीट लावतो." अशा माणसाला काय सांगणार? आज सांगू, उद्या सांगू करता करता लाज घट्ट होत गेली. आता तर चुकीपेक्षा खोटं मोठं झालं होतं.

म्हणून ती रोज स्टेशनवर जाऊन बसे. स्टेशनात बसलेल्या माणसाला का बसलात असं कुणी विचारत नाही. फलाटाच्या अगदी टोकाला, पाण्याच्या टाकीखाली एक बाक होतं. तिथून रुळांचं वळण दिसे आणि वळणावर अप्पांची काळी छत्री.

निवृत्त झाल्यापासून अप्पांना आगगाड्यांचे फोटो काढायचं खूळ लागलं होतं. पाऊस असो, धुकं असो, तिथं स्टँडला छत्री बांधून ते उभे. कोवळ्या उन्हात इंजिन तांबूस दिसतं, ढगाळ हवेत त्याचा खरा रंग कळतो, असं जेवतानाही सांगत बसायचे. तिच्या पहिल्या पगारातून घेतलेली ती लांब लेन्स ते तान्ह्या बाळासारखी गुंडाळून न्यायचे.

दुसरी कुठली जागा तिला शोधता आली असती. पण अप्पांना मधूनच तिच्या कचेरीत डोकावून शिपायाशी गप्पा मारायची हौस होती. छत्री वळणावर दिसतेय तोवर ते तिकडे जाऊन धडकणार नाहीत, एवढा जिवाला धीर. आणि अप्पांना ती दिसायची भीती नव्हती. मोतीबिंदूमुळे समोरच्या घरातल्या काकूंनाही ते आवाजावरून ओळखत.

घोर लागला तो अप्पांचं प्रदर्शन ठरलं तेव्हा.

वाचनालयाच्या दालनात हौशी छायाचित्र मंडळानं अप्पांचे फोटो लावायचे ठरवले. तिची झोप उडाली. मोठ्या केलेल्या एखाद्या फोटोत फलाट आला असेल तर? सगळ्या गल्लीदेखत अप्पांची साहेबीण बाकावर डबा खाताना दिसायची!

उद्घाटनाला ती सगळ्यांच्या आधी पोचली आणि एकेका फोटोला नाक लावून पाहत सुटली. धुक्यातून दिवा रोखून येणारी गाडी. पावसानं धुतलेली गाडी. संध्याकाळच्या पिवळ्या उजेडातली मालगाडी. फलाट नाही, टाकी नाही, बाक नाही. ती कुठेच नव्हती. तिला हायसं वाटलं.

मग माणसं जमली आणि कुजबुज सुरू झाली. मंडळाच्या अध्यक्षांनी चष्मा वर केला. "अप्पा, प्रकाश झकास पकडलात हो. पण हे काय? सगळ्याच फोटोंत इंजिनाचं नाक चौकटीला घासतंय. नवशिक्यालाही कळतं हे."

मागून कुणीतरी हसलं. अप्पा मान खाली घालून उभे राहिले. "चुकलं खरं," म्हणाले, "म्हाताऱ्याची नजर."

ती शरमेनं लाल झाली. घरी परतताना तिला राहवलं नाही.

"मला रोज शिकवता, गाडीपुढं जागा सोड म्हणून. आणि स्वतः? हसं झालं सगळ्यांसमोर. मला मान वर करवेना."

अप्पा थोडं थांबले. "तुला खाली बघावं लागलं, हे वाईट झालं," एवढंच बोलले आणि चालू लागले.

सकाळी ती डबा घेऊन निघाली तेव्हा रात्रीचं बोलणं मनाला खात होतं. स्वतः एवढं खोटं वागून त्या म्हाताऱ्याला बोल लावले होते. आज अप्पांना सगळं सांगायचं, असं तिनं ठरवलं, आणि कोपऱ्यापर्यंत जाता जाता ठरवलेलं ढिलंही पडलं.

कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्यानं हाक मारली. "ताई, हे पाकीट अप्पांना द्या. फोटोंचे तुकडे आहेत. चांगले मोठे फोटो छापले होते मी, तर समोर बसून एकेकाची उजवी बाजू कापायला लावली. फाडून टाका म्हणाले, पण माझ्या जिवावर आलं. खरा प्रकाश त्याच बाजूला पडलाय हो."

पाकीट पिशवीत टाकून ती स्टेशनवर आली आणि नेहमीच्या जागी बसली. लांब वळणावर छत्री उभी होती. तिनं पाकीट मांडीवर उलटं केलं.

अरुंद, लांबट पट्ट्या पडल्या. एकीत पाऊस होता, एकीत धुकं, एकीत संध्याकाळचं पिवळं ऊन. आणि एकूण एक पट्टीत पाण्याच्या टाकीखालचं तेच बाक होतं, आणि बाकावर, मांडीवर डबा घेऊन बसलेली ती.