दोन बोटांची फट

सागवानाची फळी स्टीलच्या चौकटीत ठेवली आणि तिची एक कड धाडकन आत गेली. मार्तंडनं ती वरच्यावर धरली म्हणून बरं, नाहीतर खालच्या नव्या फरशीचं काही खरं नव्हतं. त्यानं फळी दुसऱ्या बाजूला सरकवली. मग फट इकडे पडली. चांगली दोन बोटं आत जातील एवढी.

रामदासपेठेतलं हे विम्याचं ऑफिस उद्या सकाळी उघडणार होतं. दाराला तोरणसुद्धा लागलं होतं. अडलं होतं ते फक्त या काउंटरपाशी.

चौकटीच्या पलीकडे पियूष उकिडवा बसला होता. चौकट त्याची, फळी मार्तंडची. दोघं सख्खे भाऊ, पण वर्षभर बोलणं बंद. कारण ऐकाल तर हसाल. मार्तंड म्हणायचा, पियूष चौकट नेहमी तंग करतो. पियूष म्हणायचा, दादा फळी नेहमी जास्तीची कापतो. एकदा गिऱ्हाइकासमोरच तोंडाला तोंड लागलं आणि त्याच आठवड्यात कारखान्याच्या मधोमध पत्र्याची भिंत उभी राहिली. इकडे रंधा, तिकडे वेल्डिंग. दिवसभर एकमेकांचा आवाज ऐकायचा आणि मुकाट्यानं आपापलं काम करायचं.

हे काउंटर दोघांना मिळून दिलं ते सजावटीचं काम बघणाऱ्या गुंजन मॅडमनी. एकच नकाशा दोघांच्या हाती ठेवला. मार्तंडला मनातून फार बरं वाटलं होतं. काम नीट झालं तर त्या निमित्तानं तरी भाऊ बोलेल, एवढीच त्याची आशा. पण भिंतीपलीकडे जाऊन चौकटीला टेप लावणं मात्र त्याच्या जिवावर आलं. मोठ्या भावानं आधी जायचं म्हणजे काय! त्याऐवजी त्यानं करवत चालवताना फळी नकाशापेक्षा बोटभर कमीच कापली. पियूषची तक्रार एकदाची मिटावी म्हणून.

आता ते बोटभर त्याला खात होतं. जुळलं नाही तर पियूष हत्यारं उचलून निघून जाईल, आणि पुन्हा असा योग कुठला यायला? घाबरलेल्या मनाला एवढंही सुचेना, की कापलं एक बोट आणि फट दोन बोटांची कशी.

तेवढ्यात गुंजन मॅडम आल्या. फटीकडे बघून त्यांनी चष्मा काढला. माप कोणाचं चुकलं, एवढंच त्यांनी विचारलं.

मार्तंड गप्प राहिला असता तर सगळं खापर चौकटीवर फुटलं असतं. त्यानं पियूषकडे बघायचं टाळलं.

“माहं चुकलं, मॅडम. मीच फळी कमी कापली.”

पियूष उठून उभा राहिला. मॅडमकडे त्याचं लक्षच नव्हतं. वर्षभरानं तो भावाच्या तोंडाकडे सरळ बघत होता.

“काहून कापली गा कमी?” तो म्हणाला. “मी तर तुहं ऐकून चौकट बोटभर मोकळी केली होती, दादा.”