रविवारचं वजन

"वजन किती, काकू?" दवाखान्यातलं तपासणीचं यंत्र चालवणाऱ्या मुलीने विचारलं.

"शेहेचाळीस," पांढऱ्या कड्याच्या त्या मोठ्या यंत्रासमोर बसलेल्या काकूंनी ठासून सांगितलं. नवरा दाराशीच उभा होता, हातात तिच्या चपला आणि शाल घेऊन. त्याला ऐकू जायला हवं होतं.

आजारपण सुरू झाल्यापासून दर रविवारी तो तिला घरातल्या वजनकाट्यावर उभी करायचा. आकडा घसरला की त्याचं तोंड उतरायचं, आणि ते तिला बघवत नसे. म्हणून एका रविवारी तिने गाऊनच्या खिशात खलबत्त्यातला लोखंडी बत्ता टाकला. पुढे बत्ता पुरेना, तेव्हा जोडीला जुनी कुलपं आली. वरून शाल ओढली की झालं. "बघ, अंगाला लागतंय!" तो म्हणायचा, आणि ती श्वास रोखून शहाण्या मुलीसारखी उभी राहायची. चोराच्या मनात चांदणं. पण ते चांदणं तिला आवडायला लागलं होतं.

बाकीचे दिवस तरंगतच जात. औषधांची गुंगी अशी, की संध्याकाळी खिडकीजवळच्या खुर्चीत डोळा लागला की लागला. मग रोज तेच स्वप्न. ती संथ पाण्यावर उताणी पडलेली. पाणी तिला हळूच खोलीबाहेर नेतंय. दाराची चौकट डोक्यावरून सरकते, दिवा मागे राहतो. पाणी उबदार असे, आणि त्याला कसलीच घाई नसे. सकाळी जाग यायची ती पलंगावर. आपण कधी उठून आलो, हे काही केल्या आठवत नसे. जायची वाट अशीच असणार, असं तिला वाटायचं. तिला स्वतःची भीती नव्हती. मागे राहणाऱ्याची होती.

"शेहेचाळीस धरून औषध भरते हं," यंत्र चालवणारी मुलगी म्हणाली. "आतलं चित्र स्पष्ट दिसायला हे शिरेतून द्यावं लागतं, आणि वजनाच्या मापानंच. तुमची मूत्रपिंडं आधीच नाजूक आहेत, उगाच जास्त जायला नको."

दारात नवऱ्याने घसा खाकरला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिच्या अंगात आता दवाखान्याचा झगा होता, आणि झग्याला खिसाच नव्हता.

"थांब गं. शेहेचाळीस नाही," त्याच्या आधी तीच म्हणाली. मग दाराकडे न बघता, "अहो, दर रविवारी माझ्या खिशात बत्ता असतो. कुलपंही असतात. रागावू नका."

त्याच्या हातातला रविवार आपण काढून घेतला, असं वाटून तिला रडू आलं.

मुलीने हात धरून तिला कोपऱ्यातल्या काट्यावर उभं केलं. आकडे लुकलुकायला लागले. ते थांबायच्या आत दारातून आवाज आला, "चाळीस भरेल."

चाळीसच भरलं.

"तुम्हाला कसं कळलं?" काट्यावरूनच काकूंनी विचारलं.

त्याने पुढे येऊन शाल तिच्या खांद्यांवर टाकली. "अगं, रोज रात्री खुर्चीतून पलंगावर तुला उचलून नेतं कोण?"