सुनेचा वकील
बहात्तरच्या दुष्काळानंतरचं साल. जालन्यातल्या वकिलानं फी सांगितली, तेव्हा कौसल्या उठली. नवऱ्यानं दुसरी बायको करून तिला माहेरी घालवलं होतं आणि चार वर्षांची पोरगी ठेवून घेतली होती. मजुरीवर चालणाऱ्या माहेराला वकिलाचा खर्च झेपणारा नव्हता. आठ दिवसांनी वकिलाचाच निरोप आला, "फी पोचली, अंगठा द्यायला ये." ती गेली, तर बाकावर तिचा सासरा रखमाजी बसला होता. त्यानं बाजारात आपली घोडी विकली होती. "दावा तुमच्याच पोराविरुद्ध आहे, ठाऊक आहे ना?" वकिलानं त्याला विचारलं. "बराबर ठाऊक हाय," रखमाजी म्हणाला. "पण नात आईसाठी झुरून राह्यली, साहेब. बघवत न्हाई." "मामा, ती माझ्याकडं आली तर तुमाला घरात करमंल का?" कौसल्यानं विचारलं. "न्हाई करमायचं," तो म्हणाला आणि वकिलाकडं वळला, "कागद करा." वर्षभरानं निकाल तिच्या बाजूनं लागला. रखमाजीनं साक्ष दिली, तेव्हापासून पोरगा त्याच्याशी बोलत नव्हता. नातीला त्यानंच कडेवर घेऊन कौसल्याबरोबर एसटीत चढवलं. ती त्याचं बोट सोडेना. "आजा, तू बी चल." "पुढच्या गाडीनं येतो," तो म्हणाला. त्या दिवशी पुढची गाडी नव्हती, हे कौसल्याला माहीत होतं. तिनं पोरीला मांडीवर घेतलं आणि शेजारची जागा पदरानं पुसली. "बसा, मामा," ती म्हणाली, "चार दिवस राहून जा." रखमाजी बसला.