मापांची वही

“अकरा पिढ्यांत कुणाच्या गळ्याला गाठ नाही,” वंशावळीची वही मिटत थ्वाआजीच्या दिरांनी डॉक्टरीणबाईंना सुनावलं. थायरॉइडच्या गाठींचं मूळ घराण्यांच्या रक्तात शोधत त्या ह्युए शहरातून आल्या होत्या. “काका, यात मुली कुठं आहेत?” बाईंनी विचारलं. “परक्या घरी जाणाऱ्यांना कोण लिहितं?” आजीची मघापासून चुळबुळ चालली होती. अखेर तिनं शिवणयंत्राच्या खणातून मापांची वही काढली. घराण्यातल्या साऱ्या मुलींचे उंच गळपट्टीचे आओ झाय, लग्नासणाचे लांब झगे, तिनंच शिवले होते. “वन्संचा गळा बघा. एकतीस सेंटिमीटर, मग तेहतीस, सदतीस. मग गेल्याच.” “वहिनी, आता शिंपिणीची वही वंशावळ का?” दीर हसले. शेवटचं पान क्विएनचं, शेजारीच बसलेल्या, लग्न ठरलेल्या नातीचं. तिची गळपट्टी आजीनं दोनदा गुपचूप सैल केली होती. “आजी, मी जाड झालेय म्हणालीस ना?” आजीनं तिची बाही वर सारली. “पहिलं रक्त हिचं घ्या.”