आज्जाचं गलबत

बायको गंगम्मा गेल्याचा निरोप वीरभद्रप्पाला मोहोळच्या बाजारात मिळाला. तो सोलापूरला घरी पोचला, तेव्हा शेजारचा सिद्रामप्पा दारात बसून हळहळत होता, "लई गोड बाई! माजा आज्जा आरमारात व्हता, मग सरकारी गलबतावरनं किनाऱ्याचा पहारा करायचा, म्हनायची. सोलापूरच्या मान्साला समुद्र कुटं दिसला की!"

त्या दिवशीही चारजण हसलेच. वीरभद्रप्पा मात्र चिडला. इतकी वर्षं हीच थट्टा तो स्वतः रोज करायचा आणि गंगम्मा "हसा की" म्हणत आडात पोहरा सोडायची. पण तो हक्क त्याचा एकट्याचा होता.

तिचं बोलणं खरं करून दाखवायचं म्हणून तो आगगाडीनं मुंबईला गेला. आरमाराच्या कचेरीतला कारकून गोऱ्या साहेबाला विचारून आला, "इतकं जुनं कुणाला ठाऊक?" गोदीतले म्हातारे खलाशी म्हणाले, "सोलापूरचा? आणि आमच्यात?" तेही हसले.

परतताना तो धक्क्यावर जरा टेकला. समोर एका खलाशानं गलबताचा दोर खुंटाला बांधला, तसा वीरभद्रप्पा ताडकन उठला. ती गंगम्माची गाठ होती. पोहऱ्याला ती हीच गाठ मारायची. आज्जानं शिकवलेली, अख्ख्या गल्लीत दुसऱ्या कुणाला ती जमत नव्हती.

 

घरच्या आडाचा दोर आता विरलाय. नवा आणून ठेवलाय, पोहऱ्याला बांधायचा राहिलाय.